रानपिंगळ्याची नोंद

दसरा उलटला आणि पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटू लागली, की नागपूरच्या तलावांवर पाहुणे पक्षी उतरू लागतात. आधी येतात ते धोबी. शेपटी वरखाली हलवीत ते अंबाझरीच्या काठाने फिरू लागले म्हणजे आमच्या निसर्गमंडळाचे वर्ष सुरू झाले, असे आम्ही समजतो. महाविद्यालयाचे सत्र केव्हाचे का सुरू झालेले असेना. मग थापट्या येतो, तलवार बदक येते, कुठे चक्रवाकाची जोडी दिसल्याची वार्ता येते. काल जी फांदी रिकामी होती तिच्यावर आज कुणीतरी हिमालयापलीकडून येऊन बसलेले असते. अशा दिवसांत पक्षी पाहणाऱ्याच्या मनाला एक प्रकारची धुंदी चढते. आज काहीही दिसू शकेल, असे त्याला वाटू लागते.

मला तर त्या धुंदीत रानपिंगळा दिसला.

ही गोष्ट रविवार, १६ ऑक्टोबर २०२२ ची. मी आणि माझी एक मैत्रीण सकाळी गोरेवाड्याच्या बाजूला गेलो होतो. पावणेसातचा सुमार. एका वाळक्या फांदीच्या अगदी टोकावर, उघड्यावर, एक लहानसे घुबड बसले होते. ऊन त्याच्या पाठीमागून येत होते, त्यामुळे पक्षी सगळा काळपट दिसत होता. डोके मोठे वाटले, छाती गडद वाटली. चारच दिवसांपूर्वी मी ग्रंथालयात रानपिंगळ्याविषयी वाचले होते. तो दिवसाढवळ्या हिंडतो, झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर बसतो, त्याचे डोके मोठे असते, छाती गडद असते. एकेक खूण जणू मजसमोर येऊन बसली होती!

मैत्रीण म्हणाली, “काऊन गं, एवढी काय पाहून राहिली? पिंगळा आहे तो. आमच्या घरामागच्या चिंचेवर रोज असते.”

मी तिला गप्प केले. अर्ध्या मिनिटाने पक्ष्याने मान वळवली आणि तो उडाला. घरी न जाता मी थेट महाविद्यालयात गेले व मंडळाच्या नोंदवहीत लिहिले : “रानपिंगळा, एक. गोरेवाडा. सकाळी ६.४५. डोके व पाठ बिनठिपक्यांची. छाती गडद.”

या नोंदीतील काय खरे व काय नाही, ते पुढे सांगणारच आहे. पण आधी या पक्ष्याची ओळख करून देणे भाग आहे, कारण आपल्या महाविद्यालयात पिंगळा ठाऊक नसलेला विद्यार्थी सापडणार नाही आणि रानपिंगळा ठाऊक असलेले पाचसहाच सापडतील.

साधा पिंगळा तो हाच, जो संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून आपल्याकडे टवकारून पाहतो, मान वरखाली करतो आणि घरात भांडण जुंपावे तसा चिरकतो. आमराईत, जुन्या वाड्याच्या भिंतीत, वसतिगृहाच्या मागच्या वडाच्या ढोलीत तो असतो. शास्त्रीय नाव अथेनी ब्रामा. अथेनी ही ग्रीकांची विद्येची देवता. तिचे प्रतीक घुबड, आणि अथेन्सच्या जुन्या नाण्यांवर ते कोरलेले आहे. आपल्याकडे मात्र पिंगळ्याच्या वाट्याला शकुन-अपशकुनच आले. पहाटे कुडमुडे वाजवीत दारी येऊन भविष्य सांगणाऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो.

रानपिंगळा त्याचाच भाऊबंद. लांबीला सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे साध्या पिंगळ्याहून बोटभर मोठा. परंतु रानात मोजपट्टी घेऊन कोणी उभे नसते, म्हणून आकारावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. पाहावयाचे ते ठिपके. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते व पाठीवरही ठिपके नसल्यातच जमा. साध्या पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी आडव्या खुणा खालपर्यंत विखुरलेल्या असतात. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी आणि तिच्याखालचे पोट एकदम पांढरे, मधे रेघ ओढल्यासारखे. पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे. पाय पांढऱ्या पिसांनी इतके भरलेले, की थंडीत विजार घातली आहे असे वाटावे. चोच व डोके शरीराच्या मानाने मोठे. शेपटी अस्वस्थपणे डावीउजवीकडे झटकण्याची त्याला सवय आहे. आवाजात चिरकणे नाही. गोलसर, आखूड, दोन ठेक्यांची साद असते. आणि तो सकाळी उन्हात शिकार करतो. सरडे, साप-सुरळ्या, उंदीर, नाकतोडे हे त्याचे खाणे. मात्र साधा पिंगळाही हिवाळ्याच्या सकाळी उन्हाला येऊन बसतो, हे माझ्यासारख्या घाईच्या माणसाने ध्यानात ठेवलेले बरे.

आणखी एक मुद्दा मला फार उशिरा सुचला. काही घुबडे खरोखरच हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. माळरानावर गवतात जमिनीवर बसणारे लहान कानांचे घुबड हे त्यांतले एक. ते नागपूरच्या माळावर दिसले तर आश्चर्य आहे, पण अशक्य नाही. रानपिंगळा मात्र स्थलांतर करीतच नाही. जिथे ढोली, तिथेच त्याचा बारमाही संसार. तेव्हा “स्थलांतराचे दिवस आहेत, आला असेल कुठूनतरी” हे माझे समर्थन मुळातच लंगडे होते. तो गोरेवाड्याला असेल तर तिथे राहतच असला पाहिजे, आणि इतकी वर्षे इतके लोक तिथे दुर्बिणी घेऊन हिंडत असता कुणाला दिसला नाही, याचे उत्तर मला द्यावे लागले असते.

मला ते कोणी विचारले नाही. उलट सोमवारी भित्तिपत्रकावर बातमी लागली. वर्गात अभिनंदन झाले. पुढच्या दोन रविवारी प्रथम वर्षाची आठ मुले पहाटे सायकली मारीत गोरेवाड्याला जाऊन आली. त्यांतला एक जण तापाने फणफणला होता तरी गेला. त्यांना अर्थातच काही दिसले नाही. तिसऱ्या सोमवारी मंडळाचे काम पाहणाऱ्या सरांनी मला बोलावले. सर इतिहास शिकवतात आणि मीही इतिहासाचीच विद्यार्थिनी. त्यांनी वही उघडून एवढेच विचारले, “पाठ बिनठिपक्यांची, असं लिहिलंस. पक्षी तुझ्याकडे तोंड करून बसला होता ना?” मग काही छापील पाने माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “वाचून परत कर.”

त्या पानांत जे होते ते आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे असे आहे.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना एफ. आर. ब्लेविट यांनी डिसेंबर १८७२ मध्ये फुलझर भागात मिळवला. हा मुलूख आज छत्तीसगडात आहे. त्या काळी तो मध्य प्रांतात होता, आणि मध्य प्रांताची राजधानी होती आपले नागपूर! ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’ हे नाव दिले. हेटेरोग्लॉक्स म्हणजे ‘वेगळे घुबड’. आपण ह्यूम यांना १८८५ च्या राष्ट्रसभेच्या स्थापनेच्या प्रश्नोत्तरांत भेटतो. हाच गृहस्थ हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचा अध्वर्यू होता आणि त्याच १८८५ साली त्याचा प्रचंड पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. दुसरा नमुना भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना १८७७ मध्ये खरियारजवळ मिळाला. ते गाव आज ओडिशात आहे, तेव्हा तेही मध्य प्रांतातच होते. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० ते १८८४ या काळात पश्चिम खानदेशात, तळोदे-शहादे भागात, आणखी काही नमुने गोळा केले. एकंदर सात. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे हा पक्षी कोणी पाहिल्याचा विश्वसनीय पुरावा नाही.

एक अपवाद होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, गुजरात, ऑक्टोबर १९१४. माइनर्ट्झहागेन हे लहानसहान नाव नव्हे. ब्रिटिश सैन्यातले अधिकारी, नावाजलेले पक्षिशास्त्रज्ञ. १९३७ साली आपले सालिम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी गोळा करावयास गेले होते. एवढ्या माणसाच्या चिठ्ठीवर कोण अविश्वास दाखवणार? रानपिंगळा विसाव्या शतकातही जिवंत होता, त्याचा शोध तापीकाठी मांडवीकडे घ्यावा, असे या चिठ्ठीवरून ठरले. शोध झाले, हाती काही लागले नाही. १९६८ मध्ये कुणी छायाचित्रे पुढे आणली. ती साध्या पिंगळ्याची निघाली. (हे वाचताना माझे कान तापले.)

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी नमुनेच तपासायला घेतले. पक्ष्याचे कातडे टिकवताना आत कापूस कसा भरावा, टाके कसे घालावेत, याची प्रत्येक संग्राहकाची पद्धत वेगळी असते. आपल्याकडे शिंपी शिवण पाहून सांगतो ना, हे काम कुणाच्या हातचे ते, तसेच. मांडवीचा म्हणवला जाणारा तो नमुना उसवून पुन्हा भरलेला होता, आणि मुळातली धाटणी डेव्हिडसनची होती. थोडक्यात, खानदेशात १८८० च्या दशकात मारलेला पक्षी ब्रिटिश म्युझियममधून चोरला गेला, त्याला नवा कापूस भरण्यात आला, नवी चिठ्ठी बांधण्यात आली आणि त्याला नवे गाव व नवे साल मिळाले. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सारे १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात सप्रमाण मांडले. कर्नलसाहेब तोवर वारले होते, १९६७ मध्ये. त्यांच्या संग्रहातील इतरही पुष्कळ नमुने असेच चोरीचे व खोट्या चिठ्ठ्यांचे निघाले.

इतिहासाचे विद्यार्थी बनावट ताम्रपट, खोट्या सनदा, मागाहून रचलेल्या बखरी यांविषयी वाचतात. पक्ष्याच्या पायाची चिठ्ठी हाही दस्तऐवजच आहे, आणि त्यालाही तेच प्रश्न विचारावे लागतात : कोणी लिहिला, केव्हा लिहिला, आणि लिहिणाऱ्याला कशाचा मोह होता? फरक एवढाच, की खोट्या सनदेने फार तर एखाद्याचे वतन जाते. इथे एका जातीचा शोध चुकीच्या रानात लागला, आणि तोवर खऱ्या रानांतली झाडे तुटत राहिली.

मांडवीची चिठ्ठी बाद झाली तेव्हा शोधाची दिशाही बदलली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ही मंडळी नोव्हेंबर १९९७ मध्ये जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धरून निघाली. पूर्वेकडच्या ठिकाणी निराशा झाली. मग ती खानदेशात आली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. १८८४ पासून मोजले तर ११३ वर्षे झाली होती. डेव्हिडसनने आपल्या चिठ्ठ्यांवर गाव व तारीख प्रामाणिकपणे लिहिली होती, म्हणून तो तिथे सापडला.

ती पाने मी रात्री वसतिगृहात वाचली. झोप आली नाही, असे लिहिणे शोभले असते, पण झोप आली. सकाळी उठल्यावर मात्र बेचैन वाटू लागले. कारण माझ्या नोंदीत जी गोष्ट मी लिहिली नव्हती ती मला पक्की आठवत होती. उडण्यापूर्वी पक्ष्याने मान वळवली, तेव्हा त्याच्या डोक्यावर क्षणभर ऊन पडले आणि तिथे मला बारीक पांढरे ठिपके दिसले होते. दिसले होते. मी स्वतःला सांगितले की पानांतून पडलेला कवडसा असेल. वाळक्या फांदीला पाने कुठली! आणि पाठ तर मी पाहिलीच नव्हती. ‘बिनठिपक्यांची’ हा शब्द पुस्तकातून उचलून मी वहीत ठेवला होता. कर्नलने कापूस बदलला, मी शब्द बदलला. त्याने वर्षानुवर्षे शास्त्रज्ञांना फिरवले, मी दोन रविवार आठ मुलांना.

सरांकडे गेले व हे सांगितले. मला वाटले होते ते पान फाडायला सांगतील. ते म्हणाले, “पान फाडायचं नाही. आडवी रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला आजची तारीख घाल आणि काय पाहिलं होतंस ते लिही.” मी त्याप्रमाणे केले. भित्तिपत्रकावरची दुरुस्ती लिहिणे याहून कठीण गेले, कारण ती सगळे वाचतात. तापाने फणफणलेला तो मुलगा दुसऱ्या दिवशी भेटला, तेव्हा हसून म्हणाला, “ताई, आम्हाला तिथे नवरंग दिसला, बरं का.” ऑक्टोबरअखेर नवरंग दिसणे शंकास्पदच आहे, पण त्या दिवशी मी कोणत्याही नोंदीवर शंका घेण्याच्या स्थितीत नव्हते.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगते. रानपिंगळा आपल्या विदर्भातच, मेळघाटात आहे. शहाद्याच्या शोधानंतर झालेल्या पाहण्यांत तो तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशात खकनार भागात आढळला. २०१४ मध्ये तर मुंबईच्या उंबरठ्यावर, तानसा अभयारण्यात. २०१८ मध्ये त्याला जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले गेले. त्यामुळे हायसे वाटावे अशी स्थिती मात्र नाही. त्याला विरळ, कोरडे, सागाचे रान लागते, आणि त्यात ढोल्या पडण्याइतकी जुनी, जाड झाडे लागतात. सरपणाला आणि इमारतीला आधी जातात ती हीच झाडे. शिवाय घुबडाचे डोळे, नखे, अंडी यांच्याभोवतीच्या अंधश्रद्धा अद्याप गेलेल्या नाहीत आणि दिवाळीच्या सुमारास त्यांचा चोरटा व्यापार वाढतो. म्हणूनच पुढे मी गाव सांगणार नाही.

२०२३ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघी व सर परतवाड्यावरून सेमाडोह, हरिसाल असे गेलो. बरोबर एक कोरकू वाटाड्या होते. पहिले दोन दिवस साधे पिंगळेच दिसले, आणि मी प्रत्येकाचे ठिपके मोजल्यासारखे पाहिले. तिसऱ्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, सकाळी साडेसातला आम्ही शेत आणि सागाचे रान जिथे भेटतात तिथे उभे होतो. सागाची पाने अजून झडली नव्हती. खाली पडलेली थोडी, पायाखाली पापडासारखी वाजत होती. वाटाड्यांनी हात वर केला. आधी साद ऐकू आली, गोल, दोन ठेक्यांची. मग वाळक्या सागाच्या शेंड्याजवळ तो दिसला.

या वेळी ऊन आमच्या पाठीशी होते. डोके सपाट तपकिरी, त्यावर मला एकही ठिपका दिसला नाही. छाती गडद, तिच्याखाली पांढरे पोट. पांढऱ्या पिसांची ती विजार. शेपटी डावीउजवीकडे झटकत होता, जणू कोणी त्याला कंटाळवाण्या तासाला बसवले होते. पाचसहा मिनिटांनी तो सरळ खाली गवतात कोसळला आणि चोचीत एक साप-सुरळी घेऊन दुसऱ्या झाडावर गेला, आमच्याकडे तोंड करूनच. मैत्रीण माझ्या कानाशी कुजबुजली, “हा आमच्या चिंचेवरचा नाही हं.”

त्या रात्री विश्रामगृहाच्या दिव्याखाली मी वही उघडली. स्थळ, वेळ, ऊन कोणत्या बाजूने होते, अंतर अंदाजे, सोबत कोण, साद ऐकली ती कशी, हे सारे लिहिले. शेवटी लिहिले : “पाठ दिसली नाही.”

सरांनी नोंद वाचली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “खरंच नाही दिसली?”

“नाही, सर. शेवटपर्यंत तोंड आमच्याकडेच होतं.”

त्यांनी खाली सही केली आणि वही वाटाड्यांच्या पुढे सरकवली. त्यांनीही सावकाश, मोठ्या अक्षरात आपले नाव लिहिले, मग पहाटे पाचला निघायचे आहे, दिवा मालवा म्हणाले.